व्हर्जिनियाच्या कार्टर घराण्याचा इतिहास कसा शोधावा?

प्रश्न : नातीची_आजी

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी मेरीलँडमध्ये स्थायिक झाली असून जावई तिथल्याच एका आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबातले आहेत. आमच्याकडचा कुलवृत्तांत छापलेला आहे. दोन्ही घराण्यांची हकिगत एकाच वहीत नीट लिहून नातीच्या हाती द्यावी, असे मी आणि माझ्या विहीणबाईंनी मिळून ठरवले आहे. आमच्या बाजूचे काम सोपे आहे, त्यांच्या बाजूचे मात्र सुरुवातीलाच अडते.

त्यांच्या घरात दोन गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. पहिली अशी की, त्यांचे पूर्वज व्हर्जिनियात नोमिनी नावाच्या ठिकाणी कार्टर नावाच्या मळेवाल्याकडे गुलाम होते आणि यादवी युद्धाच्या बऱ्याच आधी, खुद्द मालकाने केलेल्या दस्तामुळे सुटून पुढे बाल्टिमोरला आले. दुसरी गोष्ट विहीणबाई हलक्या आवाजात सांगतात. त्या पूर्वजांपैकी एकाचा बाप कार्टर घराण्यातला गोरा पुरुष होता, अशी ती गोष्ट आहे.

म्हणून मी आधी त्या मळेवाल्याचेच घराणे समजून घ्यायला घेतले. इंटरनेटवर कार्टरांच्या असंख्य वंशावळ्या आहेत, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मूळ पुरुष जॉन कार्टर हा कुणाच्या मते हर्टफर्डशरचा, तर कुणाच्या मते लंडनच्या द्राक्षमद्य व्यापाऱ्यांपैकी होता. रॉबर्ट, जॉन आणि चार्ल्स ही नावे इतक्या वेळा येतात की कोणता रॉबर्ट कोणाचा मुलगा हेच समजेनासे होते. एका ठिकाणी तर मुलगा बापाच्या आधी जन्मलेला दाखवला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. या घराण्याचा विश्वसनीय इतिहास कोणत्या मूळ कागदांवरून उभा करता येतो? नोमिनीचा कार्टर म्हणजे नेमका कोण? आणि त्याच्या मळ्यावर राबलेल्या माणसांची नावे त्या कागदांत सापडण्याची आशा धरावी काय? तिकडच्या दप्तरांची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : दप्तरखाना

आजी, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि आपण धरलेली दिशाही योग्य आहे. प्रथम आपला माणूस निश्चित करू. आपण म्हणता तो नोमिनीचा कार्टर म्हणजे तिसरा रॉबर्ट कार्टर (१७२८ ते १८०४) असला पाहिजे. वेस्टमोरलँड काउंटीतील नोमिनी हॉल हे त्याचे घर. त्याचे वडील दुसरे रॉबर्ट आणि आजोबा पहिले रॉबर्ट. या आजोबांचा दरारा एवढा होता की लोक त्यांना 'किंग' कार्टर म्हणत. ते १७३२ मध्ये वारले, तेव्हा लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने त्यांच्या मागे सुमारे तीन लाख एकर जमीन, हजारभर गुलाम आणि दहा हजार पौंड रोख असल्याचे छापले होते. किंग कार्टर यांचे वडील म्हणजेच आपण उल्लेख केलेले मूळ पुरुष जॉन. दुसरे रॉबर्ट आपल्या वडिलांच्या आधी काही महिने, त्याच साली वारले, त्यामुळे नोमिनीचा नातू वयाच्या पाचव्या वर्षात असतानाच बाप आणि आजोबा दोघांनाही पारखा झाला. पुढे त्याच्या वाट्याला साठ हजार एकरांहून अधिक जमीन आली. आजोबा आणि नातू यांच्यामधला हा अल्पायुषी रॉबर्ट गाळला गेला की पुढची सगळी वंशावळ एका पिढीने सरकते, आणि अनेक संकेतस्थळांवर नेमके तेच झालेले दिसते.

एकाच नावाची माणसे वेगळी करण्याची त्या काळच्या लोकांचीच एक पद्धत होती, तीच आपण उचलावी. ते माणसाला मळ्याच्या नावाने ओळखत. नोमिनीचा रॉबर्ट, क्लीव्हचा चार्ल्स, शर्लीचा चार्ल्स, सबीन हॉलचा लँडन, असे. क्लीव्हचा चार्ल्स आणि सबीन हॉलचा लँडन हे किंग कार्टर यांचे मुलगे, तर शर्लीचा चार्ल्स हा त्यांचा नातू. शर्ली हा मळा कार्टरांकडे आला तो किंग कार्टर यांचे थोरले चिरंजीव जॉन यांनी एलिझाबेथ हिल हिच्याशी लग्न केल्यामुळे. याच शर्लीच्या चार्ल्सची मुलगी अ‍ॅन ही यादवी युद्धातील सेनापती रॉबर्ट ई. ली याची आई. कागदांत नावापुढे 'सीनियर' किंवा 'ज्युनियर' दिसले तरी ते बाप-लेकच असतील असे मानू नये. एकाच परिसरात त्या नावाचे दोघे असले, तरी वडीलधारा आणि धाकटा एवढेच सांगण्यासाठी ते लिहीत, मग नाते काका-पुतण्याचेही असू शके.

आता मूळ कागदांविषयी. व्हर्जिनियात जमीन, मृत्युपत्रे आणि खटले यांची नोंद काउंटी न्यायालयाच्या दप्तरात होत असे, म्हणून प्रत्येक माणसासाठी त्या वर्षी कोणती काउंटी होती हे आधी पाहावे लागते. कार्टरांची मूळ जागा कोरोटोमन ही रॅपाहॅनॉक नदीच्या मुखाजवळ, लँकेस्टर काउंटीत आहे. ही काउंटी १६५१ मध्ये निर्माण झाली आणि तिचे दप्तर १६५२ पासून बऱ्यापैकी अखंड राहिले आहे, हे आपले भाग्य. ग्लॉस्टर काउंटीचे दप्तर मात्र १८२० च्या आगीत आणि पुन्हा १८६५ मध्ये रिचमंड शहर जळाले त्या वेळी नष्ट झाले. किंग कार्टर यांची पहिली पत्नी जुडिथ आर्मिस्टेड तिथली होती आणि त्यांचे जावई मॅन पेज हेही तिथलेच, त्यामुळे या बाजूंची माहिती लँकेस्टरच्या कागदांतून व खासगी पत्रांतून गोळा करावी लागते. आणखी एक सावधगिरी घ्यावी. लँडन कार्टर यांचे सबीन हॉल हे रिचमंड काउंटीत आहे. रिचमंड शहराशी तिचा काही संबंध नाही, आणि नवख्या अभ्यासकाचा वेळ इथे हमखास वाया जातो.

तारखांचाही विचार करावा लागेल. १७५२ पर्यंत ब्रिटिश मुलखात जुने कॅलेंडर चालू होते आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. तिसऱ्या रॉबर्टचा जन्म फेब्रुवारीतला असल्यामुळे तत्कालीन नोंदीत त्याचे साल १७२७ आणि आजच्या हिशेबाने १७२८ असे दिसते. दोन्ही बरोबर आहेत. जिथे साल एकाने मागे-पुढे होते, तिथे आधी महिना पाहावा.

मूळ पुरुष जॉन कार्टर यांच्याबद्दल जे निश्चित सांगता येते ते बरेच आहे. ते १६४० च्या दशकाच्या आरंभी व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिसभेत होते, पुढे लँकेस्टरला आले आणि १६६९ मध्ये वारले. त्यांची समाधिशिला लँकेस्टरच्या ख्राइस्ट चर्चमध्ये आहे. तिच्यावर त्यांच्या आधी वारलेल्या चार पत्नींची नावे कोरलेली असून त्यांपैकी तिघींच्या वडिलांची नावेही दिली आहेत. किंग कार्टर यांची आई सॅरा ही गॅब्रिएल लडलो यांची मुलगी, हे त्यात स्पष्ट आहे. इतक्या लग्नांमुळे सख्खे आणि सावत्र यांचा घोळ होतो. किंग कार्टर यांचे मोठे बंधू जॉन हे सावत्र होते आणि १६९० मध्ये ते वारल्यावर इस्टेटीचा मोठा भाग धाकट्याकडे आला. मूळ जॉन यांचे मृत्युपत्रही मुळातून वाचावे असे आहे. माझ्या मुलासाठी लॅटिन शिकलेला नोकर विकत घ्यावा, त्याने सतत त्याच्या सोबत राहून त्याला पुस्तके शिकवावीत, असे त्यांनी त्यात लिहून ठेवले. बापाची महत्त्वाकांक्षा आणि त्या समाजाची रीत या एका तरतुदीत जेवढी कळते तेवढी कोणत्याही वंशवृक्षात कळणार नाही.

इंग्लंडमधल्या मुळाबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे. समुद्रापलीकडच्या जॉन कार्टरला समुद्राअलीकडच्या जॉन कार्टरशी जोडणारा कागद समोर नसेल, तर वहीत त्या जागी रेघ मोकळी सोडावी. जॉन कार्टर हे नाव इंग्लंडच्या पॅरिश-नोंदवह्यांत जागोजागी आढळते. या नोंदवह्या १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत अमेरिकनांना उंची पूर्वज हवेसे वाटू लागले तेव्हा नुसत्या नामसाम्यावर अशा अनेक गाठी मारल्या गेल्या. गुस्ताव्ह आन्जू नावाच्या इसमाने तर बनावट वंशावळ्या पैसे घेऊन तयार करण्याचा धंदाच केला. घराण्याने वापरलेले मानचिन्ह हाही पुरावा ठरत नाही, कारण वसाहतीत ते वापरताना कोणी परवानगी तपासत नसे. लंडनमध्ये माल, मालमत्ता किंवा नातलग असलेल्या व्हर्जिनियाकरांची मृत्युपत्रे कॅन्टरबरीच्या धार्मिक न्यायालयात सिद्ध होत आणि ती आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कार्टरांच्या सोयरिकीतल्या लडलो वगैरे घराण्यांची मृत्युपत्रे तिथे तपासणे हा सरळ जॉन कार्टर शोधण्यापेक्षा अधिक भरवशाचा मार्ग आहे, कारण मृत्युपत्र करणारा आपल्या मुलीच्या सासरचा उल्लेख करतो.

प्रतिसाद : चेसापीककाठ

दप्तरखाना यांनी घराण्याची मांडणी उत्तम केली आहे. मी याच परिसरात राहतो आणि इथल्या अभिलेखागारांत बसून काम करतो, म्हणून आजींच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो. माझ्या मते त्यांच्या वहीसाठी तोच मुख्य प्रश्न आहे.

नावे सापडण्याची आशा जरूर धरावी. नोमिनीचा कार्टर निघाला, ही शोधाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे. व्हर्जिनियात १७८२ मध्ये कायदा झाला की मालकाला दस्ताने किंवा मृत्युपत्राने आपले गुलाम मुक्त करता येतील. त्याचा आधार घेऊन तिसऱ्या रॉबर्ट कार्टर याने एक बक्षीसपत्र केले आणि ५ सप्टेंबर १७९१ रोजी ते नॉर्थम्बरलँडच्या जिल्हा न्यायालयात दाखल केले. त्यात साडेचारशेहून अधिक माणसांची नावे मळ्यांनुसार, वयांसह दिलेली आहेत. यादवी युद्धापूर्वी एका मालकाने केलेली ही सर्वांत मोठी मुक्तता समजली जाते. मळ्यांना त्याने राशींची नावे दिली होती: मेष, वृषभ, कर्क, सिंह, कुंभ वगैरे. आपल्या विहीणबाईंच्या घरात जागेचे एखादे जुने नाव सांगितले जात असेल आणि ते कुणाला समजत नसेल, तर ते राशीचे इंग्रजी नाव आहे का हे अवश्य विचारा. त्यावरून मळा कळेल आणि मळ्यावरून यादीतले पान.

मुक्तता एकाच दिवशी झाली नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे लागेल. १७८२ च्या कायद्यानुसार पंचेचाळीस वर्षांवरील माणसे, एकवीस वर्षांखालील मुलगे आणि अठरा वर्षांखालील मुली यांना मुक्त केले तरी त्यांच्या पोषणाची जबाबदारी मालकावरच राहत असे. कार्टरने आपला क्रम त्याच वयांवर बेतला. प्रौढांपैकी दरवर्षी पंधरा जण, वयाने मोठे आधी, आणि मुले वयात येतील तशी. परिणामी आई एका साली मुक्त, थोरला मुलगा काही वर्षांनी आणि धाकटी मुलगी त्याहूनही उशिरा, असे एकाच कुटुंबात घडले. शेजाऱ्यांचा आणि कुटुंबातल्यांचा रोष असतानाही १७९३ मध्ये बाल्टिमोरला राहायला गेल्यावर त्याने हे काम मुखत्यारामार्फत चालू ठेवले. म्हणून एका माणसाचा दाखला शोधताना केवळ १७९१ चे पान पाहून थांबू नये. पुढच्या प्रत्येक वर्षीची मुक्ततेची पत्रे पाहावीत.

या दस्ताच्या मागे जाण्यासाठी मालकाच्याच घराण्याचे कागद लागतात. आजींनी मळेवाल्याचा इतिहास हाती घेतला हे योग्यच झाले असे मला वाटते ते यामुळेच. किंग कार्टर वारल्यावर त्यांच्या मालमत्तेची जी यादी झाली, तिच्यात प्रत्येक मळ्यावरची माणसे बहुतेक ठिकाणी कुटुंबवार लिहिली आहेत. नवरा, बायको आणि त्यांची मुले अशा क्रमाने. भांडी, गुरे आणि अवजारे यांच्याच रांगेत माणसे मांडलेली वाचताना मन विषण्ण होते, तरीही अनेक घराण्यांच्या दृष्टीने आजोबा-पणजीचे नाव पहिल्यांदा लिहिले गेले ते याच यादीत. ती यादी आणि १७९१ चा दस्त यांच्यामध्ये साठेक वर्षांचे अंतर आहे. ते नोमिनीच्या कार्टरच्या रोजवह्यांनी आणि पत्रवह्यांनी पुष्कळसे भरून निघते. त्यांचा मोठा साठा ड्यूक विद्यापीठात आहे. १७७३-७४ मध्ये प्रिन्स्टनहून आलेला फिलिप फिथियन हा तरुण नोमिनी हॉलमध्ये मुलांना शिकवत होता आणि त्याने रोजनिशी लिहिली. घरातल्या मुलांबरोबरच घरकामावरच्या गुलामांचाही तिच्यात उल्लेख आहे आणि त्यांना मिळणाऱ्या अपुऱ्या अन्नाबद्दल व क्रूर शिक्षांबद्दल त्याने लिहिलेले वाचवत नाही. किंग कार्टर यांची स्वतःची पत्रे व रोजनिशी इंटरनेटवर वाचायला मिळते. त्यांच्या मुलाची, म्हणजे सबीन हॉलच्या लँडनची रोजनिशीही छापील मिळते.

१७९१ च्या पुढच्या काळासाठी दुसरी साधने आहेत. व्हर्जिनियाने १७९३ पासून मुक्त कृष्णवर्णीयांना काउंटीत नाव नोंदवणे सक्तीचे केले. या नोंदवह्यांत नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा आणि ती व्यक्ती कोणाच्या दस्ताने मुक्त झाली हे लिहिलेले असते. अशी वही सापडली, तर 'रॉबर्ट कार्टर याने मुक्त केलेला' एवढ्या एका ओळीवर सगळा दुवा जुळतो. १ मे १८०६ नंतर मुक्त होणाऱ्यांना बारा महिन्यांत राज्य सोडावे लागे, असाही कायदा झाला. तुमच्याकडची मंडळी बाल्टिमोरला का आली याचे एक कारण त्यात असू शकेल. त्यांची मुक्ततेची तारीख १८०६ च्या आधीची की नंतरची हे कळल्याशिवाय तसे लिहू मात्र नये.

शिरोगणतीचा आधार घेताना उलट दिशेने, म्हणजे अलीकडून पलीकडे जावे. १८५० च्या गणतीपासून घरातल्या प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव मिळते. त्याआधी केवळ कुटुंबप्रमुखाचे. व्हर्जिनियाच्या १७९० च्या गणतीची पाने नाहीशी झाली आहेत, त्या काळासाठी १७८२ पासूनच्या कर-याद्या वापरतात. बहुसंख्य आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांचा माग १८७० च्या गणतीपाशी अडतो, कारण गुलामगिरीत असलेल्या माणसांची नावे त्याआधीच्या राष्ट्रीय गणतीत लिहिलीच जात नसत. १८५० व १८६० च्या गुलाम-याद्यांत मालकाचे नाव आणि त्याखाली वय, लिंग व वर्ण एवढेच असते. तुमचे कुटुंब आधीच मुक्त झालेले असेल, तर ती भिंत तुम्हाला ओलांडावी लागणार नाही.

आडनावाबद्दल एक सांगतो. मुक्त झालेली माणसे कार्टर हेच आडनाव लावत असतील, असे गृहीत धरू नका. अनेकांची स्वतःची आडनावे आधीपासून होती, फक्त मालकाच्या याद्यांत ती लिहिली गेली नव्हती.

प्रश्नकर्तीचे उत्तर : नातीची_आजी

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. हे सर्व मी विहीणबाईंना दूरध्वनीवर भाषांतर करून सांगितले. राशींच्या नावांचा उल्लेख येताच त्या थांबल्या. त्यांच्या आजीच्या बोलण्यात लिओ हे गावाचे नाव म्हणून येत असे आणि सगळ्यांना ते माणसाचे नाव वाटत आले होते. म्हणजे तो सिंह राशीचा मळा असण्याची शक्यता आहे. मी अजून ते वहीत शक्यता म्हणूनच लिहिले आहे.

आता दुसऱ्या, अवघड गोष्टीविषयी विचारते. जावयांच्या थोरल्या काकांनी लाळेची डीएनए चाचणी केली आहे आणि अहवालात कार्टर आडनावाचे काही दूरचे नातलग दाखवले आहेत. एवढ्यावरून गोऱ्या पूर्वजाची गोष्ट खरी ठरते काय?

प्रतिसाद : गुणसूत्र

आजी, माझे शिक्षण आनुवंशशास्त्रातले आहे, म्हणून या एका मुद्द्यापुरते लिहितो. एवढ्यावरून ती गोष्ट खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही.

काकांनी केलेली चाचणी बहुधा सर्व गुणसूत्रांची असावी. तिचा उपयोग पाच-सहा पिढ्यांपर्यंत चांगला होतो. दहा पिढ्या मागे गेले की माणसाला एक हजार चोवीस पूर्वजांच्या जागा असतात. त्यांतल्या एकाचा सरासरी वाटा हजारात एक एवढाच उरतो आणि प्रत्यक्षात अनेकांचा काहीच उरत नाही. शिवाय व्हर्जिनियातील मळेवाल्यांची घराणी पिढ्यान् पिढ्या आपसातच सोयरीक करत होती. कार्टर, बरवेल, पेज, हॅरिसन, ली हे सगळे एकमेकांचे अनेक वाटांनी नातलग. त्यामुळे कार्टर आडनावाच्या व्यक्तीशी जुळणारा तुकडा प्रत्यक्षात बरवेल किंवा पेज यांच्याकडूनही आलेला असू शकतो. त्यातच कार्टर हे इंग्रजांत अत्यंत सामान्य आडनाव आहे.

घराण्यातला गोरा पूर्वज थेट बापाकडून बापाकडे अशा ओळीत असेल, तर वाय गुणसूत्राची चाचणी उपयोगी पडते, कारण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. मधे एक जरी स्त्री आली तरी हा मार्ग बंद होतो. जेफर्सन-हेमिंग्ज प्रकरण या संदर्भात समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या विवाहसंबंधातून पुढे चाललेला पुरुषवंश नव्हता, म्हणून १९९८ च्या संशोधनात त्यांच्या काकांच्या पुरुष वंशजांचे वाय गुणसूत्र जेफर्सन यांच्याकडे गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्ज यांचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ताडून पाहिले. ते जुळले. तेवढ्यावरून एस्टनचा बाप जेफर्सन घराण्यातला पुरुष होता एवढे सिद्ध झाले. तो पुरुष थॉमसच, हा निष्कर्ष माँटिसेलो या त्यांच्या मळ्यावरील वास्तव्याच्या तारखा, मुलांच्या जन्मतारखा आणि हेमिंग्ज कुटुंबाची साक्ष यांच्यासह सर्व पुरावा एकत्र पाहूनच अभ्यासकांनी काढला. आपल्यालाही हाच क्रम पाळावा लागेल. आधी त्या पूर्वजाची आई कोणत्या मळ्यावर, कोणत्या साली होती हे कागदावरून ठरवा. मग त्या मळ्यावर त्या वेळी कोणते पुरुष राहत होते ते पाहा. चाचणीचा क्रम त्यानंतर येतो.

चाचणी करण्यापूर्वी घरातल्या सर्वांशी मोकळेपणी बोलून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या स्त्रीला नकार देण्याचा अधिकारच नव्हता, तिच्यावर झालेल्या बळजबरीची खूण पुढच्या पिढ्यांच्या रक्तात सापडणे ही साधी गोष्ट नसते. कुणाला ते जाणून घ्यायचे असेल, कुणाला नसेल. दोन्हींचा मान राखला जावा.

प्रतिसाद : माहेरवाट

मला दप्तरखाना यांच्या मांडणीत एक भर घालायची आहे आणि थोडा मतभेदही नोंदवायचा आहे. आपण वंश बापाकडून मुलाकडे मोजत गेलो. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही सून येते ती एका नावानिशी आणि मुलगी लग्न होऊन जाते ती पुस्तकाबाहेरच. कार्टरांचा अभ्यास असा केला, तर मळ्यावरच्या माणसांचा माग निम्म्या ठिकाणी तुटेल, कारण ती माणसे मोठ्या संख्येने मुलींबरोबर सासरी धाडली गेली.

किंग कार्टर यांच्या मुलींचीच उदाहरणे घ्या. एलिझाबेथ बरवेलांकडे गेली. तिच्या मुलासाठी ठेवलेल्या जमिनीला कायम 'कार्टर्स ग्रोव्ह' म्हणावे, अशी अट आजोबांनी मृत्युपत्रात घातली आणि तो मळा आजही त्या नावाने ओळखला जातो. जुडिथ पेजांकडे गेली. अ‍ॅन हिने बर्कलीच्या बेंजामिन हॅरिसन यांच्याशी लग्न केले. तिचा मुलगा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, आणि नातू विल्यम हेन्री हॅरिसन १८४१ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला. या प्रत्येक लग्नात जमीन आणि रोकड यांच्याबरोबर जिवंत माणसेही एका काउंटीतून दुसरीकडे गेली. कुणाची आई मागे राहिली, कुणाची मुलगी पुढे गेली.

कायद्याचेही भान हवे. व्हर्जिनियातील १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला जाई. आई गुलाम असेल तर बाप कोणीही असो, मूल गुलामच. म्हणून मालकाच्या कागदांत मुलाशेजारी आईचे नाव येते, बापाचे कित्येकदा येत नाही, आणि आजींना शोधही आईच्या ओळीनेच घ्यावा लागेल. १७०५ च्या कायद्याने गुलामांना स्थावर मालमत्तेत धरले. त्यामुळे मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाचे गुलाम जमिनीप्रमाणे वारसाकडे जात, विधवेचा तिसरा हिस्सा हयातीपुरता वेगळा काढला जाई आणि तिच्या मृत्यूनंतर पुन्हा वाटणी होई. एका मृत्यूनंतर दोन वेळा वाटण्या झालेल्या दिसतात त्या यामुळे. दुसरी वाटणी वीस-वीस वर्षांनी झालेली असते आणि पुष्कळ संशोधक तिथपर्यंत पाहतच नाहीत.

मतभेद एवढाच आहे. दप्तरखाना यांनी इंग्लंडमधल्या मुळाचा विस्ताराने विचार केला. आजींच्या वहीच्या दृष्टीने त्याला मी शेवटचे स्थान देईन. जॉन कार्टर हर्टफर्डशरचा की लंडनचा यावर नातीच्या घराण्याचे काही अवलंबून नाही. बरवेल, पेज आणि हॅरिसन यांच्याकडे गेलेल्या मुलींच्या हुंड्याच्या आणि वाटणीच्या कागदांवर मात्र पुष्कळ अवलंबून आहे.

प्रतिसाद : दप्तरखाना

माहेरवाट यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि कामाचा क्रम त्यानुसार बदलावा असेच मी सुचवीन. इंग्लंडचा विषय मी घेतला तो आजींनी विचारले म्हणून आणि छापील वंशावळ्यांवर आंधळा विश्वास बसू नये म्हणून. वहीत तो एका परिच्छेदापुरता पुरे.

आता पुढची पावले. बाल्टिमोरच्या बाजूने सुरुवात करा. मेरीलँडने १८०५ मध्ये कायदा करून मुक्त कृष्णवर्णीयांना काउंटीच्या कारकुनाकडून स्वातंत्र्याचा दाखला घ्यायला लावले. हे दाखले अ‍ॅनापोलिस येथील मेरीलँड राज्य अभिलेखागारात आहेत आणि मुलीच्या घरापासून तिथे जाणे सहज शक्य असावे. दाखल्यात त्या व्यक्तीचा जन्म कुठे झाला आणि मुक्तता कशी झाली, हे बहुधा लिहिलेले असते. तिथे व्हर्जिनिया, वेस्टमोरलँड किंवा कार्टर यांपैकी एक शब्द जरी मिळाला, तरी मग १७९१ च्या यादीकडे वळायचे. यादीत प्रथम सिंह मळ्याची पाने पाहायची आणि नाव व वय दोन्ही जुळते का ते ताडून घ्यायचे. केवळ नाव जुळले तर टिपून ठेवा, पण दुवा जोडू नका. एकाच यादीत तीच ती नावे अनेकदा येतात.

विहीणबाईंकडून १८५० किंवा त्यापूर्वी हयात असलेल्या पूर्वजांची जेवढी नावे, अंदाजे वये आणि नातलगांची नावे मिळतील तेवढी इथे टाकावीत. हयात असलेल्या कुणाचेही नाव किंवा चाचणीचा अहवाल मात्र सार्वजनिक ठिकाणी देऊ नये. नावे आली की मी छापील यादीशी ताडून पाहीन आणि चेसापीककाठ यांना सवड असल्यास वेस्टमोरलँडच्या नोंदवहीतली मूळ पाने त्यांनी पाहावीत, अशी त्यांना विनंती करतो.

प्रतिसाद : चेसापीककाठ

अवश्य पाहीन. मुलांची वये मिळाली तर सर्वांत आधी तीच पाठवा. मुले कोणत्या वर्षी एकवीस किंवा अठराची झाली यावरून मुक्ततेच्या पत्राचे साल काढता येते आणि पाने चाळण्याचे काम पुष्कळ कमी होते.